शंभर हातांचा हुकूम

अमरावती, माघ वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थस्वरूप चंद्रभान दाजी यांच्या चरणी भगवंताचा नमस्कार पोचावा.

आपले पत्र उस्मानभाईंच्या गाडीवानाने काल कचेरीच्या ओट्यावर माझ्या हाती दिले. 'कापसाजवळ विस्तव करू नये, हा हुकूम कोणाच्या बापाने केला,' असा आपला प्रश्न आहे. बापाने नव्हे; कमिशनरसाहेबांनी केला, आणि त्याचे मराठी आपल्या मेहुण्याने केले. तेव्हा शिवी द्यायचीच असेल तर ती घरातल्या घरात राहील.

हुकूम का निघाला ते अकोल्यात बसून कळणार नाही. पौषात येथील पेठ पेटली तेव्हा जळक्या रुईची काळी फुले आकाशातून संथपणे उतरत होती. अंबादेवीच्या कळसावर, पाणवठ्यावरच्या घागरींत, माझ्या मसुद्यांच्या ओल्या शाईवर. सारे गाव झोपेत चालल्यासारखे चालत होते. त्या झोपेतच साहेबांनी मला बोलावले आणि मी लिहिले: 'जेथे मोकळ्या कापसाची गंजी असेल तेथून शंभर हातांच्या आत कोणीही, कोणत्याही कारणाने, विस्तव पेटवू नये.' या वाक्यातून एक शब्द काढून पाहावा; वाक्य कोसळेल.

आपण विचारता, यामागे कायदा कोठे आहे? कायदा आणि हुकूम यांतला भेद आपल्याकडे कोणी पाहत नाही. कायदा सभेत होतो; माणसे वाद घालतात, ऋतू उलटतात. हुकूम एकाच लेखणीतून उतरतो आणि त्याच दिवशी चालू लागतो. मात्र तो अधांतरी उभा राहत नाही. ज्या अधिकाराने हाकिम खुर्चीवर बसला, त्या अधिकाराच्या सावलीबाहेर हुकमाने पाऊल टाकले की तो नुसता कागद होतो. अमेरिकेचेच पाहावे. तेथे कायदे करणारी सभा आहे. पण दक्षिणेने बंड केले त्या वसंतात ती भरलेली नव्हती. तेव्हा अध्यक्षाने एका जाहीरनाम्याने बंडखोरांची बंदरे बंद केली. सभेची मान्यता मागाहून आली, आणि तेथील वरिष्ठ न्यायासनाने तो हुकूम उचलून धरला तो एका मताच्या फरकाने. त्या कागदामुळे तिकडचा कापूस विलायतेस पोचेना आणि जगाचे डोळे आपल्या काळ्या रानाकडे वळले. अकोल्याच्या गल्ल्यांत आज जो पांढरेपणा पसरला आहे, तो त्या दूरच्या माणसाच्या दौतीतून सांडला आहे, असे मला कधी कधी वाटते.

जमुनेच्या स्थळाचे काय झाले ते कळवावे. ताईस नमस्कार.

भगवंत


अकोला, फाल्गुन शुद्ध चतुर्थी

भगवंता,

पत्र भेटलं. तुया ताईले वाचून दाखोलं. ते म्हणते, 'माया भाऊ असा लिहिते जसा कोणी देवळात बोलते.' मी म्हटलं, समोर देव असता तं बरं झालं असतं, समोर साहेब हाय.

आता मुद्द्याची गोठ. जमुनाचं जमलं. अकोटचे शेषराव, त्याइचा मधला पोरगा सूर्यभान. पोरगा कमी बोलते, पण माणूस चांगला दिसते. तुले ठाऊक हाय, याच्या आंधी तुया भाचीचे दोन ठिकाणं हातचे गेले. पोरगी लिहिते-वाचते हे आयकलं का लोक सुपारी तोंडात टाकून उठून जात. हे विद्या तूच शिकोली तिले, म्हणून तुले सांगून राहिलो. शेषरावजीची एकच अट हाय: लगन मुलीच्या दारात, होम आंगणात, गोरज मुहूर्तावर. बुढा म्हणते, 'दुसऱ्याच्या जागेत होम केला तं आमचं गाव म्हणन, यायच्या घरात काई खोट हाय.' हे ठिकाण गेलं तं चौथं येत नाई, समजून घे.

अन् आंगणाले लागून कापसाची गंजी उभी हाय. परवा हवालदार आला. शेजारच्या बिस्मिल्लाबीचा तंदूर इझवला, मंग माह्याकडं पाहून म्हणते, 'पाटील, लगनात होम जमणार नाई, पयलेच सांगून ठेवतो.' मी म्हटलं, मंग बोहल्यापुढं पाण्याचा हंडा ठेवू काय, अन् त्याच्याभोवती फेरे घालू? तो म्हणते, 'हंड्याची मनाई नाई.'

लेखणी तुया हातात हाय. हुकमात एक ओळ घाल: चंद्रभान पाटलाचं आंगण सोडून. साहेबाले मराठी कुठं वाचता येते? त्या अमेरिकेच्या हाकिमानं एका कागदावर लाखो गुलाम मोकळे केले, हे तूच मले लिहिलं होतं. अन् तुले एक होम मोकळा करता येत नाई?

चंद्रभान


अमरावती, फाल्गुन वद्य द्वितीया

दाजींस नमस्कार.

जमुनेचे जमले हे वाचून पत्र क्षणभर खाली ठेवले. धूळपाटीवर पहिला 'श' काढताना तिची जीभ ओठांबाहेर आली होती, ती आठवली. ज्या घरांनी तिला अक्षरांसाठी नाकारले, त्या घरांत ती गेली नाही हे तिचे भाग्य. पण हे मत मांडवात चालत नाही हे मलाही कळते.

'साहेबास मराठी वाचता येत नाही, ओळ घाल,' हे वाक्य मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा ते आपले नसावे अशी इच्छा केली. सहीच्या आड मी चोरून जे लिहीन त्याला हुकूम म्हणत नाहीत. हुकूम पाळला जातो तो सर्वांना सारखा लागतो म्हणून. भाचीसाठी एक ओळ घातली, तर उद्या बिस्मिल्लाबीच्या तंदुरापुढे तुमचा हवालदार कोणत्या तोंडाने उभा राहील?

गुलामांविषयी मी जे लिहिले त्यातले आपण अर्धेच वाचलेत. तो जाहीरनामा बंडखोर मुलखांपुरता होता. जेथे अध्यक्षाची फौज अजून पोचली नव्हती तेथले गुलाम कागदावर मोकळे झाले. जे मुलूख त्याच्या बाजूला राहिले होते तेथले होते तसेच राहिले. हसू येते खरे. पण शांततेत कोणाची मालमत्ता काढून घेण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि तेथील कायदा माणसाला मालमत्ता म्हणत होता. युद्धात सेनापती म्हणून शत्रूचे बळ तोडण्याचा अधिकार तेवढा होता. तो अधिकार जेथे संपला तेथे त्याची लेखणी थांबली. दुपारी कचेरी सुस्तावली की माझ्या डोळ्यांपुढे एक शेत येते. तेथे एक बाई कापूस वेचते आहे. तिचे स्वातंत्र्य कोठेतरी लिहून झाले आहे, आणि ते फौजेच्या पायांनी नद्या ओलांडत तिच्याकडे चालत येते आहे. तिला त्याची चाहूलही नाही. ती बोंड सोलते आणि ओटीत टाकते.

आपल्याला वाट एकच. प्रकृती बिघडल्यामुळे साहेब वैशाखाअखेर विलायतेस निघतात. नवे साहेब ज्येष्ठात हैदराबादेहून येतील. रीतसर अर्ज लिहावा. मी तो त्यांच्यापुढे ठेवीन. तोवर मुहूर्त धरू नये.

भगवंत


अकोला, चैत्र वद्य दशमी

भगवंता,

तुयं म्हणणं पटलं. ओळीची गोठ मी सोडली, तूबी सोड. फक्त एवढं पक्कं कळव: साहेब कोणत्या दिवशी निघते, अन् नवा कोणत्या दिवशी खुर्चीवर बसते. मुहूर्त त्याच हिशोबानं धरतो. शेषरावजी खुश हायेत. तुया ताईनं कुरड्या वाळत घातल्या, आंगणात पाय ठेवाले जागा नाई. पोरीले बोहल्यावर आणाचा मान मामाचा हाय. येशीन तवा लेखणी घरी ठेवून ये.

चंद्रभान


अमरावती, वैशाख वद्य चतुर्थी, शके १७८७

दाजींस नमस्कार.

आपले पत्र वाचून समाधान झाले. अर्ज केव्हा द्यावा हे ठरवण्यासाठी आधी दिवस विचारावेत, ही शिस्त आपल्या बाजूस मी प्रथमच पाहिली. साहेब अमावास्येस निघतील. नवे साहेब ज्येष्ठ शुद्ध दशमीस कारभार घेतील. मुहूर्त दशमीच्या पुढचा धरला असेलच.

येथे सारा बाजार एका बातमीने स्तब्ध आहे. अमेरिकेत दक्षिणेच्या थोरल्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली, आणि त्याच आठवड्यात अध्यक्षाला नाटकगृहात गोळी घालून मारले. दुसऱ्या सकाळी त्याच्या दुय्यमाने शपथ घेतली. व्यापारी तळहातावर रुईचा पुंजका घेऊन उभे राहतात आणि त्याच्याकडे असे पाहतात, की जणू तो काही सांगणार आहे. वारा सुटला की पुंजका जातो. ते तसेच उभे असतात.

भगवंत


अकोला, वैशाख वद्य नवमी

मामांस जमुनाचा नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. उस्मानचाचांना मात्र सांगितले आहे, कारण ते त्यांच्याच गाडीने येणार. ते म्हणाले, 'मामाले लिहिणं म्हणजे चोरी थोडीच हाय, बेटी.'

मुहूर्त दशमीच्या पुढचा नाही. ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा आहे. बाबांनी तो मुद्दाम दोन साहेबांच्या मधल्या दिवसांत धरला. ते म्हणतात, निजामाच्या अमलात तालुकदार बदलला की जुन्याचे सगळे हुकूम गळून पडत. नवा येईपर्यंत लोक राखीव कुरणात गुरे सोडत, लाकूड तोडत, आणि कोणी विचारत नसे. आजोबांनी आमचा गोठा अशाच दिवसांत बांधला होता. 'हाकिमच नाई तं हुकूम कोणाचा?' असे ते हवालदारालाही म्हणाले, आणि तोही मान खाजवत गेला. त्यात तुमचे पत्र आले. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात, 'अमेरिकेचा मेला, त्याचे हुकूम मेले. आपला चालला, त्याचा हुकूम चालला.'

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. अंगणालगतची गंजी बाजाराची नाही. बाकीच्यांचा कापूस शिमग्याच्या आधीच गेला. उरली ती एकच, आमची. बाबा विकत नाहीत. त्यांना वाटते, अध्यक्ष मारला गेला म्हणजे तिकडे लढाई पुन्हा पेटणार, बंदरे बंदच राहणार, भाव चढणार. आई म्हणाली, 'मंग गंजी हलवा.' बाबा म्हणाले, 'कुठं हलवू? दारातली लक्ष्मी हाय ते. तुले कापसातलं काय समजते?' आई म्हणाली, 'मले पोरीतलं समजते.'

मामा, गंजी सुंदर दिसते हेही खरे. हुकमामुळे आमची चूल पलीकडच्या आळीत पेटते आणि दिवेलागणीला आमच्याकडे दिवा लागत नाही, तरी तिच्यामुळे अंगणात एक उजेड राहतो, दुधात पाणी घातल्यासारखा. त्यात बसले की आपण घरात आहोत की ढगात, ते कळत नाही. आई हाक मारते, तीही फार दुरून आल्यासारखी वाटते.

पण हवालदाराने भर मांडवात होम विझवला तर वऱ्हाड उठेल. सूर्यभानांना मी एकदाच पाहिले आहे. सगळे आपापसांत बोलत असताना त्यांनी हळूच विचारले, 'तुम्ही काय वाचता?' असे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी काही बोलण्याआधीच पानाचे तबक आले.

हुकूम हाकिमाबरोबर जातो का? खरे असेल तेच लिहा.

जमुना


अमरावती, वैशाख वद्य द्वादशी

दाजींस नमस्कार.

मला कसे कळले ते विचारू नये. कळले आहे.

आपण दोन गोष्टी एकाच मुठीत धरून बसला आहात. येथला साहेब गेला की त्याचा विस्तवाचा हुकूम मरतो, ही एक. तिकडचा अध्यक्ष मेला तरी त्याचा बंदरबंदीचा हुकूम जिवंत राहतो आणि आपल्या गंजीचा भाव चढवतो, ही दुसरी. दाजी, यांतली एकच खरी असू शकते. हुकूम हाकिमाबरोबर मरत असेल, तर ती बंदरे त्याच रात्री उघडली आणि गंजी राखण्यात अर्थ उरला नाही. मरत नसेल, तर गंजी असेपर्यंत होम पेटत नाही. आपल्याला हवे ते खरे माना. दोन्हींत गंजी दारात राहत नाही.

आता खरे काय ते सांगतो. हुकूम माणसाचा नसतो, खुर्चीचा असतो. साहेब गाडीत बसले तरी तो येथे बसून राहतो, आणि मधल्या दिवसांतही हवालदाराच्या हातांनी चालतो. निजामाच्या काळी तसे होत नसेल. तेव्हा खुर्चीच माणसाबरोबर उठत असे. पण त्याच खुर्चीवर दुसरा बसला, की एका सकाळी तो पहिल्याचा हुकूम पुसू शकतो. जे एका लेखणीने दिले ते दुसरीने जाते. त्या अध्यक्षालाही हे ठाऊक होते. म्हणूनच गुलामांची मुक्तता राज्याच्या मूळ घटनेत लिहावी, असा ठराव त्याच्या हयातीतच सभेने केला, आणि आता एकेका प्रांताची संमती गोळा होत आहे. बंदरांचे म्हणाल, तर लढाई विझते आहे. नव्या अध्यक्षाच्या एका सहीसरशी ती मोकळी होतील. ती सही आज झाली की उद्या व्हायची आहे, एवढाच प्रश्न.

माझे वाक्य पुन्हा वाचावे. हुकूम आपल्या घराभोवती नाही, कापसाभोवती आहे. मी तो तसाच लिहिला. आपल्याला माझी ओळ नको, अर्ज नको, नवा साहेबही नको. बैल हवेत.

मुहूर्त मोडू नये. मला मात्र रजा नाही. नव्या साहेबांपुढे चालू हुकमांचे वाचन ठेवायचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला नीट येणार नाही. मामाच्या मानाला मोर्शीचे आमचे चुलतभाऊ येतील. जमुनेला माझी आठवण आली, तर मामा कामात आहे असे तिने समजावे. मलाही तेवढेच समजायचे आहे.

भगवंत


अकोट, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी

मामांस जमुनाचा नमस्कार.

वरचे गावाचे नाव वाचून तुम्हाला कळले असेलच. आता सगळे सांगते.

तुमचे पत्र बाबांनी एकदा वाचले, घडी केली, पुन्हा उघडले. जेवले नाहीत. गंजीला पाठ टेकून बसले आणि डोळे मिटले. कापूस त्यांच्या खांद्यांभोवती दबला होता, जणू कोणी त्यांना मागून धरले होते. ऊन कलल्यावर त्यांनी उस्मानचाचांना हाक मारली.

'गाड्या जुंप.'

'किती?'

'हायेत तेवढ्या.'

'चंद्रभानभाई, भाव इचारून तं घे.'

'भाव अमेरिकेत इचार जाऊन.' मग थोड्या वेळाने म्हणाले, 'मोर्णा नदीपल्याड माया वावरात टाक. अन् ताडपत्री बांध.'

गाड्या जात-येत राहिल्या. गंजी वरून नाही, एका बाजूने कमी होत गेली, आणि तिच्यामागची भिंत दिसू लागली. त्या भिंतीवर मी लहानपणी कोळशाने काढलेला मोर होता. तो मी विसरलेच होते. अंगण एवढे मोठे आहे हे आम्हा कोणालाच आठवत नव्हते. आई मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, 'आता ऊन कुठं ठेवू?' बाबा हसले नाहीत. तुमच्याविषयी एवढेच म्हणाले, 'भगवंताचं डोकं बापाच्या वळणावर गेलं. मायच्या वळणावर असतं तं चुपचाप ओळ घातली असती त्यानं.' पण पत्र त्यांनी टाकले नाही, देवळीत ठेवले.

लग्न पंचमीलाच झाले. मोर्शीच्या मामांनी मला आणले. होम पेटला, भटजींनी पहिली आहुती दिली, आणि दारात हवालदार उभा. हातात शंभर हात दोरीचे भेंडोळे. सनईवाला आपोआप थांबला.

सासरे उठले. 'हे कोण हाय?'

हवालदार म्हणाला, 'हुकूम चालू हाय पाटील. साहेब गेले तरी चालूच हाय, कचेरीतून निरोप आला. मोजा लागन.'

मी खाली पाहत होते, तरी वऱ्हाडातली माणसे जोडे शोधू लागल्याचे मला ऐकू आले. अकोटच्या एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, 'म्या सांगतलं होतं, या घरात काईतरी हाय.' सूर्यभान हलले नाहीत.

बाबा म्हणाले, 'मोज.'

हवालदाराने दोरीचे एक टोक बरोबरच्या शिपायाला होमापाशी धरायला दिले आणि दुसरे घेऊन तो निघाला. तेव्हा सासऱ्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतले. 'तू ढिली धरशीन,' म्हणाले. ते स्वतः चालू लागले. बाबा त्यांच्या बाजूला. होमापासून अंगण ओलांडून, दारातून, गल्लीतून. आम्ही मांडवात बसलेल्यांना फक्त दोरी दिसत होती, जमिनीवरून हळूहळू सरकणारी. होमात समिधा तडकत होत्या. मला वाटले, ही दोरी अशीच सरकत राहणार, मोर्णेच्या पार, समुद्राच्या पार, आणि कुठेतरी एखाद्या बंदरात कोणी तिचे टोक धरून उभे असणार.

मग ती ताठ झाली आणि थांबली. सासऱ्यांचा आवाज बिस्मिल्लाबींच्या दारापासून आला, 'शंभर भरले. इथं तं निस्ते कोंबडे हायेत.' बिस्मिल्लाबी म्हणाल्या, 'अन् तेबी माहेच हायेत.' गल्लीत कोणीतरी हसले, मग सगळेच. हवालदाराने दोरी गुंडाळली, हात धुतले आणि पंगतीत जाऊन बसला. सासरे परत आले ते बाबांचा हात धरूनच. 'व्याही,' म्हणाले, 'माह्या घरचं लगन कोणी सरकारी दोरीनं मोजून देल्लं नवतं आजवर.' त्यांना त्याचा अभिमान वाटत होता, असे मला वाटते. ते इथे रोज कोणाला तरी हे सांगतात.

सनई पुन्हा सुरू झाली. आम्ही सप्तपदीला उभे राहिलो, तेव्हा आंब्याच्या टहाळ्यात कुठेतरी अडकलेला रुईचा एक पुंजका होमाच्या उबेने सुटला. आधी कोणाच्या लक्षात आला नाही. तो वर गेला, थांबला, वळला, आणि अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा, ज्वाळेकडे येऊ लागला. हवालदाराचा घास हातात राहिला. बाबा अर्धे उठले. सूर्यभानांच्या उजव्या हातात माझा हात होता. त्यांनी डावा हात पुढे केला, पुंजका मुठीत घेतला, आणि सातही पावले ती मूठ मिटूनच चालले.

जमुना